जुना रॉक बँड परत उभा करायचाय? जॅमपॅड नंतर, आधी ड्रमरला फोन

आमचा बँड 2007 ला तुटला आणि 2025 ला परत स्टेजवर उभा राहिला, मधे अठरा वर्षं गेली. डोंबिवली-ठाण्याची चार पोरं, हार्ड रॉक वाजवायचो, निम्मी कव्हरं म्हणजे दुसऱ्यांची गाणी, निम्मी स्वतःची, आणि कॉलेज फेस्टच्या कॉम्पिटिशनला लोकलच्या मालडब्यातून स्नेअर, सिंबल्स आणि डबल पेडल सांभाळत जायचो, आजूबाजूला मासळीच्या आणि भाजीच्या पाट्या. परत वाजवायला लागल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की कसं जमवलंत, आमचाही बँड होता, आम्हालाही करायचंय. म्हणून जे केलं, जे चुकलं आणि मोठ्या बँड्सकडे बघून जे कळलं ते सगळं एकदाच लिहून काढतोय.

पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. बहुतेक जण काय करतात की व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, जुने फोटो टाकतात, सगळे हार्टवाले इमोजी देतात, कोणीतरी जॅमपॅड, म्हणजे भाड्याची प्रॅक्टिस रूम, बुक करतो आणि दुसऱ्या जॅमला (प्रॅक्टिसला) घोडं पेंड खातं. क्रम नेमका उलटा हवा. आधी माणसं, मग लेखी बोलणं, मग वाद्यं, मग गाणी आणि सगळ्यात शेवटी गिग, म्हणजे स्टेजवरचा शो. यातलं माणसांचं काम सगळ्यात अवघड आहे आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

जो दुखावला गेला होता त्याच्यापासून सुरुवात

प्रत्येक तुटलेल्या बँडमधे एक जण असतो ज्याचं जास्त लागलेलं असतं. तो कोण हे बाकीच्यांना पक्कं माहीत असतं, फक्त कोणी बोलत नाही. आणि ज्या गोष्टीवरून तुटलं असं सगळे सांगतात ते बहुतेक वेळा निमित्त असतं. अमेरिकेच्या एरोस्मिथ बँडचं बघा ना, 1979 ला क्लीव्हलंडच्या शोनंतर बॅकस्टेजला गिटारिस्ट जो पेरीच्या बायकोने बेसिस्ट टॉम हॅमिल्टनच्या बायकोच्या अंगावर ग्लासभर दूध फेकलं, त्यावरून पेरी आणि गायक स्टीव्हन टायलरचं कडाक्याचं भांडण झालं आणि पेरी बाहेर पडला. आता दुधाच्या ग्लासावरून कोणी बँड सोडत नाही, आधीची कितीतरी वर्षं साठलेली होती, नशा होती, पैशाची कुरबुर होती. 1984 च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या शोला पेरी आणि नंतर बाहेर पडलेला दुसरा गिटारिस्ट ब्रॅड व्हिटफर्ड दोघं नुसते भेटायला म्हणून बॅकस्टेजला गेले आणि तिथून त्यांची गाडी परत रुळावर आली. भेटायला गेले होते, वाजवायला नाही, हे लक्षात ठेवा.

आमच्यात तो माणूस म्हणजे ड्रमर. 2007 ला एका मोठ्या कॉम्पिटिशनची फायनल होती आणि त्याच आठवड्यात त्याचं नोकरीचं जॉइनिंग आलं, चेन्नईला ट्रेनिंग. तो म्हणाला बघतो काहीतरी करून, येतो. आम्ही मात्र थांबलो नाही, दुसऱ्या बँडचा ड्रमर घेतला, दोन दिवसात सेट बसवला आणि वाजवून आलो. तो रात्रीचा प्रवास करून सकाळी दादरला उतरला तेव्हा त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्यानंतर आम्ही कधी एकत्र वाजवलं नाही. भांडण असं झालंच नाही, तो फोन उचलायचा बंद झाला आणि आम्हीपण करायचे बंद झालो.

2025 च्या 5 जुलैला बर्मिंगहॅमला व्हिला पार्कमधे ब्लॅक सॅबथ या बँडचे मूळ चौघं शेवटचे एकत्र वाजले, गायक ओझी ऑस्बॉर्न, गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर आणि ड्रम्सवर बिल वॉर्ड, चौघं एकत्र वीस वर्षांनी. ओझीला पार्किन्सन्स, उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. 22 जुलैला तो गेला. सतराच दिवसांनी. त्या रात्री बातमी वाचली आणि मी ड्रमरला फोन केला, नंबर बदलला नव्हता. त्याने उचलला आणि मी हॅलोच्या आधी म्हटलं, "अरे, 2007 ला आम्ही तुला सांगायला हवं होतं."

तिकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "दुसरा ड्रमर घेतला त्याचं काही नव्हतं रे. तुम्ही मला विचारलं नाहीत, एवढंच."

पुढच्या रविवारी डोंबिवली स्टेशनच्या बाहेर चहाला भेटलो, दोन तास बसलो, बँडचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. त्याच्या वडिलांचं आजारपण, माझं घर बदलणं, मुलांच्या शाळा. निघताना त्याने बाइकच्या हँडलवर दोन बोटांनी आमच्या एका जुन्या गाण्याचा इंट्रो वाजवला, हाय-हॅटचा पॅटर्न, जशाचा तसा. मी काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तर यातून काय करायचं ते सांगतो. फोन एकेकाला करा, ग्रुपवर नको, ग्रुपवर कोणी मनातलं बोलत नाही. जे झालं त्याचं नाव घेऊन बोला, "जाऊ दे झालं गेलं" असं तुम्ही म्हणायचं नाही, ते म्हणायचा हक्क ज्याला लागलं त्याचा आहे. पहिल्या फोनमधे गिग, तारीख, जॅम यातलं काहीही काढायचं नाही, नाहीतर त्याला वाटतं की ड्रमर हवाय म्हणून आठवण आली. नंतर एकदा विचारा, पंधरा दिवस द्या, आणि तो नाही म्हणाला तर ते नाही मनापासून मान्य करा. मैत्री परत आली असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा तो फोन करण्यासारखा होता.

कोणाला हे अशक्य वाटत असेल तर गन्स अँड रोझेस बघा. गिटारिस्ट स्लॅश 1996 ला बाहेर पडला, बेसिस्ट डफ 1997 ला, गायक ॲक्सल आणि स्लॅश जवळपास दोन दशकं बोलत नव्हते. 2012 ला ॲक्सलला कोणीतरी रीयुनियनचं विचारलं तर म्हणाला या जन्मात नाही. त्याच वर्षी डिसेंबरमधे ते मुंबईत वाजवून गेले, स्लॅश आणि डफशिवाय. 2016 ला तिघं एकत्र आले तेव्हा टूरचं नावच ठेवलं 'नॉट इन धिस लाइफटाइम', तीन वर्षांहून जास्त चालली आणि 58 कोटी डॉलर्सच्या वर धंदा केला. आणि मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर तिघं मुंबईकरांच्या समोर उभे होते. मी 2012 ला पण होतो आणि 2025 ला पण होतो. स्लॅशने पहिला सोलो उचलला तेव्हा माझ्या शेजारचा पन्नाशीचा माणूस डोळे पुसत होता, आणि मला त्याचं पूर्ण कळत होतं.

सगळे येणार नाहीत, मग काय

कोणी परदेशात असतो, कोणाला आता आवडतच नाही, कोणी या जगात नसतो. अशा वेळी मूळ सगळे नाहीत म्हणून सोडून द्यायचं नाही, पण रिकामी जागा कोणाला द्यायची ते नीट ठरवायचं. लेड झेपलिनने 1980 ला ड्रमर जॉन बॉनम वारल्यावर बँड बंद केला आणि 2007 ला लंडनच्या ओटू अरीनाला वाजवलं तेव्हा ड्रम्सवर त्याचा मुलगा जेसन होता. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे, मुंबईचा इंडस क्रीड. 1984 ला रॉक मशीन म्हणून सुरू झाले, 1993 ला नाव बदललं, 1997 ला थांबले, आणि 2010 ला परत आले तेव्हा उदय बेनेगल, महेश टिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने आणि बेसवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय राव कवी हे नवे. आणि नुसती जुनी हिट गाणी वाजवत बसले नाहीत, 2012 ला 'इव्हॉल्व्ह' नावाचा नवीन अल्बम काढला. मला हे फार आवडतं कारण यात नवे लोक भाड्याचे वाटत नाहीत, त्यांचा बँड वाटतो.

आमचा बेसिस्ट टोरांटोला. तो स्वतःच म्हणाला की माझ्यासाठी थांबू नका, कोणालातरी घ्या, आणि मग त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. आमच्या आठ गाण्यांच्या बेसलाइन्स त्याने कॅमेरा डाव्या हातावर लावून एकेक करून वाजवल्या, बोटं कुठे सरकतात ते दिसेल असं, आणि नवीन पोराला पाठवल्या. नवीन पोरगा सव्वीस वर्षांचा, आम्हाला अहो-जाहो करायचा, पहिल्याच दिवशी सांगितलं की बँडमधे सगळे अरे-तुरे. आमच्या रात्री नऊला त्याच्याकडे सकाळचे साडेअकरा, दोन-तीन जॅम्सना जुना बेसिस्ट व्हिडिओ कॉलवर बसायचा. नवीन माणसाला फक्त एवढं स्पष्ट सांगा की तो गिगपुरता आहे की बँडमधे आहे, आणि बँडमधे असेल तर मताचा आणि पैशाचा वाटा सारखा. मोघम ठेवलं की पुढे त्याच्याही मनात अढी बसते.

एक पान कागद

मित्रांमधे कसलं लिहून घ्यायचं असं वाटतं मान्य आहे, आम्हालाही वाटलं. पण मोठमोठ्या बँड्सची रीयुनियन्स इथेच फाटलीत. ब्लॅक सॅबथने 11 नोव्हेंबर 2011 ला चौघं परत येतोय म्हणून जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2012 ला बिल वॉर्डने सांगितलं की सही करण्यासारखं कॉन्ट्रॅक्ट मिळाल्याशिवाय मी येत नाही. तो आलाच नाही, '13' अल्बमवर ब्रॅड विल्कने ड्रम्स वाजवले. गन्सच्या रीयुनियनमधे त्यांचा मूळ गिटारिस्ट इझी स्ट्रॅडलिन नाही, कारण त्याच्या म्हणण्यानुसार पैशाची वाटणी सारखी नव्हती.

आणि नावाचा प्रश्न. डीप पर्पल हा इंग्लंडचा बँड 1976 ला बंद पडला होता, 1980 ला त्यांचा सगळ्यात पहिला गायक रॉड इव्हान्स भलतेच वादक घेऊन डीप पर्पल म्हणून अमेरिकेत शो करायला लागला. लोक तिकीट काढून यायचे आणि स्टेजवर मूळ बँडमधले ना ब्लॅकमोर ना लॉर्ड ना पेस, चिडायचे. प्रकरण कोर्टात गेलं, इव्हान्सच्या बाजूवर 6 लाख 72 हजार डॉलर्सची भरपाई बसली आणि त्याची जुन्या रेकॉर्ड्सची रॉयल्टी पण गेली.

तुमचा-आमचा बँड एवढा मोठा नाही, तरी एक पान लिहा. नाव कोणाचं आणि कोणी सोडलं तर नाव कोणाकडे राहणार. कुठलं गाणं कोणी लिहिलं, शब्द कोणाचे, रिफ (गिटारची मुख्य धून) कोणाचा. जुनी रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकली तर अकाउंट कोणाच्या नावाने आणि पासवर्ड किमान दोघांकडे. जॅमपॅडचे पैसे कसे वाटायचे, गिगचे कसे. आणि निर्णय कसा घ्यायचा, बहुमताने की सगळ्यांचं हो लागेल. नाव खरंच टिकवायचं असेल तर ट्रेडमार्क करता येतो, मनोरंजनासाठी क्लास 41 मधे अर्ज करतात. आमच्या पानावर गायकाने स्वतःहून एक ओळ लिहिली, "कोणाच्याही जागी दुसऱ्याला घ्यायचं तर आधी त्याला फोन." ड्रमरने ती वाचली, काही बोलला नाही, सही केली.

माळ्यावरचा गिटार

आता जरा वाद्यांचं. माझा गिटार सोळा वर्षं बॅगेत होता, माळ्यावर, गाद्यांच्या मागे. चेन उघडताच कुबट वास, आतल्या अस्तरावर बुरशीचे पांढरे ठिपके, तारा नारिंगी होऊन फ्रेट्सना डाग पडलेले, आणि तिसऱ्या-चौथ्या तारेत अडकवलेलं पिक तसंच. पुढच्या खिशात डिस्टॉर्शनचं पेडल होतं, त्यात 9 व्होल्टची बॅटरी राहिलेली, ती फुटून कनेक्टरवर पांढरी-हिरवी पावडर जमलेली. आपल्याकडच्या दमट हवेत हे असंच होणार, घाबरू नका.

बुरशी कोरड्या कपड्याने पुसा आणि बॅग उन्हात टाका, गिटार उन्हात नको. तारा एकदम सगळ्या कापू नका, ट्यूनिंग ढिली करत करत काढा. नेक वाकला असेल तर ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याला) स्वतः हात लावायचा नाही, गिटार सेटअप करणाऱ्याकडे न्या, तो एका फेरीत नेक, तारांची उंची, सूर सगळं बघतो. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना करकर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा फिरवा, बहुतेक जाते. पेडलच्या कनेक्टरला हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा, माझं पेडल तसंच वाचलं. जुना ट्यूब ॲम्प असेल तर मात्र थेट प्लगला लावू नका आणि स्वतः उघडूही नका, आत बंद असतानाही करंट साठलेला असतो, कारागिराला दाखवा. ड्रमरने हेड्स (ड्रमवरचे पडदे) नवीनच घ्यावेत, जुने पिवळे पडलेले वाजतात पण आवाज मेलेला असतो.

आणि इयरप्लग्स. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतोय. विशीत आम्ही कोणी घातले नाहीत, आज माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी कायम असते. 2016 ला एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी सांगितलं की थांब, नाहीतर पूर्ण बहिरा होशील, त्याला टूर अर्धवट सोडावी लागली आणि उरलेले शो ॲक्सल रोझने गायले. म्युझिशियन्ससाठीचे प्लग्स मिळतात, आवाज दबका न होता सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या खाली येतात. पहिल्या जॅमच्या आधी घ्या.

गाणी खाली उतरवा, आणि वेळ द्या

गायकाचा गळा पंचेचाळीसला पंचविशीचा राहत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गायक इयान गिलनने 'चाइल्ड इन टाइम' हे डीप पर्पलचं एवढं मोठं गाणं 2002 नंतर सेटमधून काढूनच टाकलं. झेपलिनने 2007 ला बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली वाजवली. आम्ही पहिल्या जॅमला जुन्याच पट्टीत धरलं, दुसऱ्या कोरसला गायकाचा आवाज फाटला आणि तो तोंड फिरवून पाणी प्यायला लागला, आम्ही तिघं गप्प. त्या दिवशीच ठरवलं, सगळा सेट अर्धा सूर खाली, ई फ्लॅटमधे, आणि दोन गाणी एक सूर खाली, डीमधे. खाली ट्यून केलं की तारा ढिल्या लागतात म्हणून मी टेन्सचा सेट काढून जरा जाड, इलेव्हन्स टाकल्या. रिफ उलट जास्त जड वाजायला लागला, मला तर आता तोच मूळ वाटतो.

पहिला जॅम दोन तासांचा घ्या पण वाजवायचं म्हणून फक्त दोन गाणी ठेवा, त्यातलं एक सगळ्यात सोपं. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री ऐकू नका, दोन दिवसांनी ऐका. आमच्या जुन्या रेकॉर्डिंगचा टेम्पो मिनिटाला 138 ठोके होता, जॅमला आम्ही 150 च्या आसपास पळत होतो, उत्साहात कळतच नाही. मग ड्रमरच्या कानात मेट्रोनोमचा क्लिक दिला. ड्रमरची गोष्ट वेगळी बघावी लागते, डबल पेडल म्हणजे पायांचं आणि कमरेचं काम, अठरा वर्षं खुर्चीत बसून नोकरी केल्यावर ते एका महिन्यात येत नाही. आमच्या ड्रमरने रोज सकाळी वीस मिनिटं प्रॅक्टिस पॅडवर, 80 पासून सुरू करून आठवड्याला चार-पाचने टेम्पो वाढवला, तीन महिने. मी माझ्याकडून रोज क्रोमॅटिक्स आणि बेंड्स, पहिले पंधरा दिवस बोटांची टोकं सोलून निघाली होती.

किती जॅम्स लागतात? आम्हाला आठ गाण्यांच्या सेटला चौदा लागले. कमी करायचा मोह होतो, पण 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कॉन्सर्टमधलं झेपलिन आठवा. फिलाडेल्फियाला पेज, प्लांट, जोन्स एकत्र आले, ड्रम्सवर फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन, प्रॅक्टिस जवळजवळ नाही, गिटार बेसूर, प्लांटचा गळा बसलेला. नंतर डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी तो भाग त्यात घेऊच दिला नाही. तेच लोक 2007 ला काही आठवडे नीट बसून तयारी करून आले, तिकिटांसाठी 2 कोटी मागण्या आल्याचं सांगतात आणि त्या रात्रीबद्दल लोक अजून बोलतात. मधेच पेजचं बोट फ्रॅक्चर झालं तर शो 26 नोव्हेंबरवरून 10 डिसेंबरला ढकलला. दुखत असेल तर ढकला, ओढून वाजवू नका.

जाहीर कधी करायचं, पहिली गिग कुठे

किमान सहा जॅम्स सगळे वेळेवर आले, त्यानंतर. त्याच्या आधी एक पोस्टसुद्धा नको. सॅबथने आधी जाहीर केलं आणि तीन महिन्यात वॉर्ड बाहेर पडला, मधे जानेवारीत आयोमीला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर निघाला, सगळं जगासमोर. याउलट गन्सने 2016 ला सुरुवात लॉस एंजेलिसच्या ट्रूबडॉर क्लबमधून केली, पाचशेच्या आसपास लोक मावतील एवढी जागा, जिथे ते 1985 ला पोरसवदा असताना वाजवायचे. शो होता 1 एप्रिलला आणि घोषणा त्याच सकाळी. त्या रात्री ॲक्सलचा पाय मोडला, पुढचे शो फू फायटर्सच्या डेव्ह ग्रोहलने दिलेल्या खुर्चीत बसून केले.

तेव्हा पहिली गिग छोटी ठेवा. साठ-सत्तर माणसांची जागा, एखादा कॅफे, कॉलेजच्या जुन्या बॅचचं गेट-टुगेदर काहीही चालेल. सेट पंचेचाळीस मिनिटांच्या वर नको. सगळ्यात अवघड गाणं पहिलं नाही, तिसरं ठेवा, तोवर हात आणि गळा गरम होतो, आणि त्यानंतर लगेच एक असं गाणं ज्यात ड्रमरला श्वास घेता येईल. उघड्यावर असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून साडेआठलाच सुरू करा. कव्हरं वाजवणार असाल तर आयपीआरएसचं (गाण्यांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स आयोजकाने किंवा जागेवाल्याने घेतलंय ना ते आधीच विचारा. बॅकलाइनमधे, म्हणजे जागेवरच्या सामानात, नक्की काय मिळणार, ड्रमकिट कुठला, ॲम्प्स किती, मॉनिटर किती, हे फोनवर नाही मेसेजवर लिहून घ्या. आम्हाला एका ठिकाणी दोन गिटार ॲम्प आहेत म्हणून सांगितलं होतं, गेलो तर एकच निघाला आणि बेस थेट मिक्सरमधे घालावा लागला. तेव्हापासून मी एक डीआय बॉक्स, बेस थेट मिक्सरला नीट जोडायची डबी, बॅगेत ठेवतो.

घरच्यांना बोलवा. आमच्यातल्या दोघांच्या बायकांनी नवऱ्याला स्टेजवर कधीच पाहिलेलं नव्हतं, लग्नं नंतरची. ड्रमरची आई आली होती, शहात्तर वर्षांच्या काकू, पहिल्या रांगेत कानात कापूस घालून. दुसऱ्या गाण्यानंतर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाल्या, "याला पाणी द्या रे कोणीतरी, याचा चेहरा बघ."

एक अगदी व्यावहारिक गोष्ट राहिली. गिगच्या आधीच गिगनंतरचा जॅम बुक करून ठेवा, आठवड्याच्या आत. मोठी रात्र झाली की सगळे सैलावतात, एक महिना जातो, मग दुसरा. आणि त्या जॅमला जुनं काही वाजवू नका, नवीन गाण्यावर बसा, रिफ अर्धवट असला तरी चालेल. डीप पर्पलचे पाच जण 1984 ला परत आले ते 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हा नवीन अल्बम घेऊन, म्हणून ती नऊ-दहा वर्षं निघाली, जरी मधे 1989 ला गिलनला काढलं, 1992 ला परत घेतलं आणि 1993 ला ब्लॅकमोर चालू टूरमधून निघून गेला. नवीन गाणं असलं की पुढच्या जॅमला यायला कारण असतं.

आमचा जॅम आता रविवारी सकाळी नऊला असतो, तेव्हा पॅड रिकामं मिळतं आणि दुपारचं जेवण घरी होतं. ड्रमर त्याच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन येतो, तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून प्रॅक्टिस पॅडवर बडवत असतो. मुलं येणार असतील तर त्यांच्या मापाचे इयरमफ्स वेगळे घ्या, मोठ्यांचे सरकतात आणि बाजूने सगळा आवाज आत जातो.